रायफल एकसारखी, काडतूस निराळे

२०२४ च्या डिसेंबरात केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि आपल्या बीड जिल्ह्याचे नाव नको त्या कारणाने देशभर गाजले. त्यापाठोपाठ जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची मोजदाद सुरू झाली. एकट्या या जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने आहेत, ही गोष्ट वृत्तपत्रांतून लोकांसमोर आली. हवेत गोळ्या झाडणाऱ्या महाभागांची चित्रणे घरोघर फिरली आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. त्या दिवसांत अंबाजोगाईत कोठेही चहाला बसावे, तर शेजारच्या बाकावर हाच विषय. नवल एवढेच की, चर्चा परवान्यांची कमी आणि हत्यारांचीच अधिक होती. विशीतली मुले 'सिग' चांगली की 'एके' चांगली, यावर हमरीतुमरीवर येत होती. जणू उद्या सकाळी बाजारात जाऊन दोहोंपैकी एक उचलायची आहे!

त्या मुलांचा हिरमोड करणे भाग आहे. आपल्या देशात सामान्य नागरिकाला अर्धस्वयंचलित रायफल अशी बाजारातून घेताच येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालील २०१६ च्या नियमांची ती बाब जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात ठेवलेलीच नाही. लष्करी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे काडतूस जिच्यात चालू शकते, ती रायफल अर्धस्वयंचलित असो वा हाताने बोल्ट ओढण्याची, निषिद्ध वर्गातच मोडते. सर्वसाधारण परवानाधारकाच्या वाट्याला येते ती बारा बोअरची बंदूक, .३२ चे रिव्हॉल्व्हर, फार तर आयुध निर्माणीची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, आणि लग्नाच्या वरातीत हौसेने झाडलेल्या गोळीसाठी दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही भोगावे लागतात.

परंतु या नियमांतली एक खोच पाहण्यासारखी आहे. .३०३ निषिद्ध आणि .३१५ चालते, हे कसे? दोन्ही रायफली दिसायला सारख्या, मारही जवळपास तितकाच. भेद आहे तो काडतुसाचा. सरकारी शस्त्रागारातून चोरलेले काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू नये, हा त्यामागचा इंग्रजी राजवटीतला विचार. राज्यकर्ता कितीही परका असो, त्याने शस्त्राची पारख लाकडी दस्त्यावरून केली नाही, काडतुसावरून केली. चहाच्या टेबलावरच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा कोणी काढत नव्हते. आणि दुर्दैवाने आपल्या संरक्षणविषयक चर्चेतही तो फार उशिरा निघतो.

कारण 'सिग की एके' हा प्रश्न त्या मुलांचा नसला, तरी देशाचा निश्चितच आहे. मराठवाड्यातील गावागावांतून मराठा लाइट इन्फन्ट्रीत आणि महार रेजिमेंटमध्ये मुले भरती होतात. त्यांच्या खांद्यावर कोणती रायफल असावी, हे ठरवणारी निवड शेकडो कोटी रुपयांची असते आणि तिची बरी-वाईट फळे एक पिढीभर भोगावी लागतात.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. गोळी झाडली की तिच्यामागच्या वायूचा थोडा भाग नळीतल्या छिद्रातून बाजूला घेतला जातो. तो दट्ट्याला रेटतो, दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत बसवतो. जवानाने केवळ पुन्हा चाप ओढायचा. एका ओढीला एक गोळी. जगातल्या बहुतेक आधुनिक रायफलींचे मर्म एवढेच आहे. दट्ट्या आखूड धावतो की लांब, बोल्ट फिरून अडकतो की तिरका होऊन, असे घराण्याघराण्यांचे भेद असतात. पण माहितीपत्रकातली वजने आणि पल्ले शेजारी शेजारी मांडले, तर चार उत्तम रायफलींत उणेअधिक काढणे तज्ज्ञालाही जड जावे. मग निवड कशावरून करायची?

या प्रश्नाचे उत्तर आपण फार महाग किंमत देऊन शिकलो आहोत. १९६२ साली नेफा आणि लडाखच्या बर्फात आपला जवान चिन्यांसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या हाती दर गोळीला बोल्ट ओढावा लागणारी .३०३ होती, आणि समोरच्यांपैकी अनेकांच्या हाती स्वयंभरणी शस्त्रे होती. पराभवाची कारणे अनेक होती, राजकीय नेतृत्वाचा भाबडेपणा त्यांत सर्वांत मोठा. पण शस्त्राची उणीव जवानांनी प्रत्यक्ष भोगली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि सेनेच्या उभारणीचा जो मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला, त्यात पायदळाच्या हाती ७.६२ मिलिमीटरची 'सेल्फ लोडिंग रायफल' आली. आपल्या माजी सैनिकांच्या बोलण्यात आजही जी 'एसएलआर' येते, ती हीच.

तिचे मूळ बेल्जियमचे. एफएन कंपनीची 'फाल' रायफल त्या काळी अर्ध्या जगाने स्वीकारली होती. पण एकाच रायफलीचे दोन अवतार झाले होते. युरोपात ती मेट्रिक मापाने बनत असे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने आपल्या कारखान्यांच्या सोयीने ती इंची मापात उतरवली. दोन्ही समोर ठेवल्या तर सामान्य माणसाला जुळ्या बहिणी वाटाव्यात. पण इंची रायफलीचे मॅगझिन मेट्रिक रायफलीत बसत नाही, आणि मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत बसले तरी सैल राहते. शांततेच्या काळात ही गंमत वाटेल. चकमकीच्या वेळी शेजारच्या तुकडीकडून मागून घेतलेले मॅगझिन खटकन बसले नाही, तर त्या जवानाला त्यात गंमत वाटणार नाही. आपण परदेशी नमुने अभ्यासून इशापूरला आपली 'वन-ए-वन' बनवली. दस्त्याच्या पाठीला जुन्या ली-एन्फिल्डची धातूची पट्टी लावली आणि आत तेलाची बाटली व साफसफाईची दोरी ठेवण्याची सोयही तशीच राखली. ती ना पुरती ब्रिटिश राहिली, ना पुरती बेल्जियन. शुद्धतेच्या चाहत्यांना हे खटकेल. मला त्यात शहाणपण दिसते. कारण जे बनवले ते आपल्या कारखान्यात बनले, सुटे भाग आपल्या भांडारातून मिळाले आणि काडतूसही आपलेच होते.

हा काडतुसाचा धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. १९६२ च्या धक्क्यानंतर जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावची आयुध निर्माणी १९६४ साली उभी राहिली, ती मुख्यतः छोट्या शस्त्रांच्या काडतुसांसाठीच. पुढे इन्सास आली तेव्हा ५.५६ चे काडतूसही तिथे होऊ लागले. रायफलीचे छायाचित्र दिनदर्शिकेवर छापले जाते, वरणगावचे नाव कोणाला ठाऊक नसते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. एसएलआर त्यांनी पंधरा वर्षे वागवली. तिच्या वजनाबद्दल ते आजही कुरकुरतात. मॅगझिन भरल्यावर पाच किलोच्या आसपास जाणारी ती रायफल डोंगर चढताना खांदा सोलून काढी. पण तिच्या गॅस रेग्युलेटरविषयी ते ज्या आपुलकीने बोलतात, तशी आपुलकी फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते. वायू कमी सोडला तर पुंगळी अडकते, जास्त सोडला तर धक्का वाढतो आणि भाग झिजतात. म्हणून काडतुसांची खेप बदलली की पहिल्या चार-सहा फैरींत रेग्युलेटर पुन्हा लावून घ्यायचा. रायफल तीच, जवान तोच, पण खेप बदलली की जुळणी बदलते. एवढे ज्याला समजले, त्याला शस्त्रखरेदीतले निम्मे समजले असे मी म्हणेन.

यानंतर आली पुण्याच्या पाषाण येथील 'एआरडीई' या संस्थेने आखलेली इन्सास. १९९० च्या दशकात तिची वाट पाहता पाहता काश्मीरच्या गरजेपोटी आपण पूर्व युरोपातून एके घराण्याच्या रायफली आणल्या, आणि इन्सास हाती येते न येते तोच १९९९ चे कारगिल उद्भवले. तेथील थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जात, गोळी अडकत असे. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या तक्रारी झाकून ठेवण्याचे कारण नाही. स्वदेशी वस्तू सदोष असेल तर तिचा दोष दूर करणे, हीच स्वदेशीची सेवा होय. आणि इन्सासचे बरेचसे दोष पुढे दूर झालेही, कारण आराखडे आपल्या हाती होते. परदेशी रायफलीचे मॅगझिन तडकले असते तर आपण पत्रव्यवहार करीत बसलो असतो. दुसरीकडे, विदेशी म्हणजे निर्दोष असे मानणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्याला इन्सासचे तडे तोंडपाठ असतात आणि सिगची कथा ऐकलेलीही नसते. ती कथा पुढे येईलच.

मधल्या काळात एक विलक्षण प्रयोग झाला. २०११ मध्ये सेनेने अशी रायफल मागितली, जिची नळी बदलली की एकाच शस्त्रातून दोन निराळ्या मापांची काडतुसे झाडता यावीत. इटली, चेक प्रजासत्ताक, इस्रायल, अमेरिका येथील नामांकित कंपन्या पुढे आल्या. चाचण्या झाल्या. २०१५ मध्ये ती सारी प्रक्रिया रद्द करावी लागली. एकही रायफल विकत न घेता चार वर्षे गेली. काडतुसाचा निर्णय आधी करायचा नाही, तो रायफलीवर ढकलायचा, हीच त्या मागणीतली मूळ चूक होती, असे माझे मत आहे.

मग २०१९ च्या फेब्रुवारीत तातडीच्या प्रक्रियेने अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीशी ७२,४०० 'सिग ७१६' रायफलींचा करार झाला; २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३,००० ची मागणी नोंदवली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाबरोबर ६,०१,४२७ 'एके-२०३' रायफली अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनवण्याचा सुमारे ५,१२४ कोटींचा करार झाला आणि २०२४ च्या जुलैपर्यंत त्यांतल्या ३५,००० सेनेला मिळाल्याचे जाहीर झाले. आता पाहा: दोन्हींवर ७.६२ हाच आकडा. वर्तमानपत्रांच्या बातमीत दोन्ही '७.६२ मिलिमीटर रायफली'. आमच्या चहाच्या टेबलावरची मुलेही त्या एकाच मापाच्या समजून भांडत होती. वस्तुतः सिगचे काडतूस ७.६२ गुणिले ५१, एकेचे ७.६२ गुणिले ३९. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. एकाचे काडतूस दुसरीत चालत नाही. सेनेच्या ड्रॅगुनोव्ह नेमबाजी रायफलीचे तिसरेच, ७.६२ गुणिले ५४. म्हणजे एकाच आकड्याची तीन काडतुसे, आणि शिवाय इन्सासचे ५.५६ आहेच. रात्रीच्या अंधारात, बर्फात, खेचरावरून आलेली पेटी उघडताना या तीन ७.६२ चा घोळ होऊ नये याची चिंता ज्या सुभेदाराला करावी लागते, त्याला विचारा की सारखेपणा म्हणजे काय असते.

भार हाही काडतुसाचाच हिशेब आहे. ५१ लांबीचे एक काडतूस साधारण चोवीस ग्रॅमचे, एकेचे सोळा-सतरा ग्रॅमचे, ५.५६ चे बारा ग्रॅमचे. जवानाने दोनशे गोळ्या घेतल्या तर पहिल्यात जवळपास पाच किलो, शेवटच्यात अडीच. या फरकापुढे रायफलीच्या वजनातले पाव-अर्धा किलोचे उणेअधिक, ज्यावर माहितीपत्रके रंगवली जातात, ते कोठे राहिले? अर्थात जड गोळीचा मारही लांबचा. ताबारेषेवर सहाशे मीटरवरच्या लक्ष्यासाठी जड काडतूस हवे आणि गल्लीबोळातल्या चकमकीसाठी हलके, हे सेनेने जाणूनबुजून ठरवले असेल तर त्यात काही गैर नाही. गैर आहे ते तातडीच्या खरेदीतून आपोआप घडून येणारे वैविध्य.

सिगची कथा राहिली. ती रायफल उत्तम आहे, यात वाद नाही. पण सुरुवातीच्या काळात तिला आपल्या देशी बनावटीच्या काडतुसांशी जुळवून घेताना अडचणी आल्या, अशी वृत्ते प्रसिद्ध झाली होती. खरे-खोटे सेना जाणे. मात्र माझा प्रश्न साधा आहे. वरणगावचे काडतूस आपल्या देशात कोट्यवधींच्या संख्येने बनते, हे खरेदीपूर्वी ठाऊक होते. मग चाचणीच्या पहिल्या दिवसापासून त्याच काडतुसाने चाचणी घेण्याचा आग्रह का नसावा? परदेशी रायफलीला परदेशी काडतूस घालून ती उत्तम चालली, यातून आपल्याला काय कळले?

येथे आमच्या भागाची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची येथे छावणी होती आणि पुढे येथेच शिक्षक म्हणून काम करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले. १९४८ साली भारताने नाकेबंदी केल्यावर निजामाने शस्त्रे मिळवली ती सिडने कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून, रात्री, कराचीहून चोरट्या मार्गाने. रझाकारांचा माज त्या विमानांवर पोसला होता. १३ सप्टेंबरला भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली आणि पाच दिवसांत सारे संपले. रझाकारांचा पाडाव केवळ शस्त्रपुरवठ्यामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही, त्यांच्यापाशी न्याय नव्हता आणि प्रजाही नव्हती. पण ज्याचे काडतूस दुसऱ्याच्या विमानातून यायचे, त्याची लढाई ते विमान थांबले की थांबते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. युक्रेनमधील युद्ध २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर रशियाकडून येणाऱ्या सामग्रीस विलंब होऊ लागला, तेव्हा कोरव्याच्या कारखान्याबाबत ज्यांना काळजी वाटली, त्यांची काळजी याच जातीची होती.

आता वळू या सर्वांत नव्या निवडीकडे, कारण तिथे अजून काही करता येण्यासारखे आहे. जवळच्या लढाईसाठी कार्बाइन हवी, ही सेनेची मागणी जुनी. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या कंपनीची कार्बाइन सर्वांत कमी किमतीची ठरली होती; ९३,८९५ नगांची ती खरेदी २०२० मध्ये रद्द झाली. नव्याने निविदा निघून डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सुमारे सव्वाचार लाख ५.५६ च्या कार्बाइनसाठी २,७७० कोटींचे करार झाले. साठ टक्के वाटा पुण्याच्या भारत फोर्जचा, आणि तिची कार्बाइन पाषाणच्या एआरडीईच्या आराखड्यावरची. चाळीस टक्के पीएलआर सिस्टिम्सचा. मराठी माणसाला आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे, आणि मलाही झाला.

पण त्या विभागणीकडे जरा निरखून पाहा. चाचणीत जे उतरले त्यांच्यात सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला मोठा वाटा, आणि दुसऱ्याने तोच दर मान्य केला तर त्याला उरलेला, अशी ही रीत आहे. किंमत पाडण्यासाठी ती चांगली. एक कारखाना बंद पडला तर दुसरा चालू राहतो, हाही लाभ. मात्र त्यातून सेनेच्या हाती एकाच काडतुसाच्या, एकाच कामाच्या, पण दोन निराळ्या घराण्यांच्या कार्बाइन येणार. त्यांची मॅगझिने एकमेकींत बसतील काय? बोल्ट, स्प्रिंग, नळी यांचे सुटे भाग एका भांडारात राहतील की दोन? पलटणीचा शस्त्र दुरुस्ती करणारा कारागीर एकाच प्रशिक्षणात दोन्ही उघडू शकेल काय? इंची आणि मेट्रिक फालचा अनुभव पाठीशी असलेल्या देशाने हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वी विचारले असतील, अशी मी आशा करतो. विचारले नसतील तर पुरवठा सुरू असतानाच ते विचारण्याची वेळ आहे, कारण पहिल्या काही हजार नगांनंतर आराखड्यात बदल करणे अवघड आणि महाग होत जाते.

दुसरी गोष्ट दराची. सर्वांत कमी दर हा शस्त्राचा असतो. ते शस्त्र वीस-पंचवीस वर्षे चालवण्याचा खर्च त्यात कितपत दिसतो? नळी किती हजार फैरींनंतर बदलावी लागते, सरावासाठी दरवर्षी किती काडतुसे लागतात, सुटे भाग कोणाच्या दराने मिळतात, हे आकडे निविदेच्या तुलनेत पूर्ण वजनाने यायला हवेत. शेतकरी बैलजोडी घेताना केवळ बाजारातला भाव पाहत नाही, वैरणीचाही हिशेब करतो. संरक्षण खात्याच्या लेखा विभागाला हे समजत नाही असे नाही. पण तातडी आली की वैरण विसरली जाते, आणि आपल्याकडे रायफलीची खरेदी बहुधा तातडी आल्यावरच होते: १९६२ नंतर, काश्मीर पेटल्यावर, २०१९ मध्ये. २०२४ च्या जानेवारीत एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसह 'उग्रम' ही ७.६२ गुणिले ५१ ची रायफल शंभर दिवसांच्या आत तयार करून दाखवली. क्षमता आहे, हे त्यातून दिसले. ती क्षमता शांततेच्या काळात वापरण्याची सवय अजून लागायची आहे.

आमचे हवालदार परवा नव्या कार्बाइनचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहत बसले होते. वजन किती, पल्ला किती, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. चष्मा पुसून त्यांनी छायाचित्र पुन्हा डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "याचा गॅस कमीजास्त करता येतो का? आणि गोळी वरणगावचीच ना?"